हेलियमचे पैसे घेतले आणि फुग्यात हायड्रोजन भरला, लहान मुलांच्या वाढदिवसाला गॅसचे फुगे मागवणार असाल तर वाचाच

आमच्या मुलीच्या दुसऱ्या वाढदिवसाला डेकोरेशनवाल्याने आम्हाला फसवलं. पैशाचं जे झालं ते झालं, पण मला खरा संताप वेगळ्याच गोष्टीचा आहे. त्याने हेलियमच्या फुग्यांचे पैसे घेतले आणि भरला हायड्रोजन, म्हणजे पेट घेणारा गॅस, आणि तोही अशा फुग्यांत ज्यांच्या दोऱ्या लहान मुलं हातात धरणार होती आणि ज्यांच्या शेजारीच मेणबत्ती लावायची होती. कुणाला काही इजा झाली नाही. पण त्याचं श्रेय डेकोरेशनवाल्याला अजिबात नाही, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

बुकिंग करताना सगळं व्यवस्थित वाटेल असंच होतं. फोटो पाठवले, थीम विचारली, किती मुलं येणार विचारलं, कोटेशन पाठवलं. त्यात बलून आर्च वेगळा (त्यात साधी हवाच असते), बॅनर आणि कटआउट वेगळे, आणि छताला लागून तरंगणारे फुगे वेगळे, त्यांच्यापुढे स्पष्ट लिहिलेलं की हेलियम. या फुग्यांचा दर बाकी सगळ्यापेक्षा जास्त, आणि त्याचं कारणही त्यानेच फोनवर सांगितलं की हेलियम महाग पडतो पण मुलांसाठी सेफ असतो. हे त्याचेच शब्द. अ‍ॅडव्हान्स दिल्यावर जे फायनल बिल आलं त्यात मात्र हेलियम हा शब्दच गायब, तिथे फक्त 'गॅस बलून'. रक्कम तीच. हा बदल सहज राहून गेलेला नाही, मुद्दाम केलेला आहे, कारण नंतर भांडण झालं तेव्हा त्याने नेमकं हेच बिल पुढे केलं.

कार्यक्रमाच्या दिवशी दोन पोरं सामान घेऊन आली आणि हॉलबाहेरच्या पॅसेजमध्ये फुगे भरायला लागली. आमचे भाऊजी, म्हणजे नणंदेचे मिस्टर, कारखान्यांना गॅस पुरवणाऱ्या ठिकाणी कामाला आहेत, सिलिंडर हाताळण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. ते मदतीला लवकर आले होते. पॅसेजमधून आत आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, बाहेर जे सिलिंडर आहे ना, ते गरम लागतंय. मुलांना तिकडे सोडू नका."

मला आधी कळेना की गरम आहे तर काय झालं. मग त्यांनी समजावलं ते तुम्हालाही सांगते. दाबाने भरलेल्या सिलिंडरमधून गॅस बाहेर काढत राहिलं की सिलिंडर गार पडत जातं. हेलियमचं सिलिंडर वापरताना गरम होऊच शकत नाही. ते गरम झालं याचा अर्थ आत काहीतरी रासायनिक क्रिया चालू आहे, आणि फुगेवाल्यांच्या बाबतीत ती ठरलेलीच असते, पाण्यात कॉस्टिक सोडा आणि अ‍ॅल्युमिनियमचा भंगार टाकला की हायड्रोजन तयार होतो आणि भरपूर उष्णता बाहेर पडते. म्हणजे ते सिलिंडर नव्हतंच, गॅस बनवायची भट्टीच होती ती. झाकणाशी पांढरट ओघळ सुकलेले, अंगावर कंपनीचा शिक्का नाही, टेस्टिंगची तारीख नाही, लेबल नाही, आणि कुठेतरी वेल्डिंग करून जोडल्याच्या खुणा. कॉस्टिक सोड्याचं ते पाणी अंगावर उडालं तर कातडी जळते, डोळ्यात गेलं तर डोळा जाऊ शकतो, आणि आत दाब वाढला तर अशी घरगुती टाकी फुटते.

भाऊजींनी त्या पोराला विचारलं यात काय आहे. तो म्हणाला, "काका, मला नाही माहीत, शेठने दिलंय, भर म्हणाले." मला त्या पोरांचं खरंच वाईट वाटलं, कारण सगळ्यात जास्त धोका त्यांनाच होता, तासन्‌तास त्या टाकीशेजारी बसून, हातात ग्लोव्ह्ज नाहीत की डोळ्यावर चष्मा नाही.

आता हे एवढं गंभीर का ते सांगते, कारण आमच्याच नातेवाइकांमध्ये "फुगाच तर आहे" म्हणणारे निघाले. हवेत हायड्रोजनचं प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असलं तरी तो पेटू शकतो, आणि पेटायला ठिणगी इतकी बारीक पुरते की सिंथेटिक कपड्यांवर जी चटचट होते तीसुद्धा चालते. एक फुगा पेटला की शेजारचे लगेच पेटतात, घोसच्या घोस एका क्षणात, आणि वितळलेलं रबर अंगाला चिकटतं. फुगे धरलेले असतात चेहऱ्याजवळ, त्यामुळे भाजतं ते तोंड, हात, केस. २०१२ च्या मे महिन्यात आर्मेनियाच्या येरेवान शहरात एका प्रचारसभेत गॅसचे फुगे असेच पेटले होते आणि शंभराहून जास्त लोक जखमी झाले होते, तेही उघड्या मैदानात. आपण तर बंद खोलीत लावतो, छताला, दिव्यांना खेटून. हेलियम मात्र पेटतच नाही, काही केलं तरी नाही, आणि आपण जास्तीचे पैसे मोजतो ते फक्त याच कारणासाठी.

फसवणं सोपं आहे कारण डोळ्यांना फरक दिसत नाही. दोन्ही गॅसना रंग नाही, वास नाही, दोन्ही फुगे वर जातात, हायड्रोजनचा तर किंचित जास्तच जोराने. हेलियम जमिनीखालच्या नैसर्गिक वायूतून वेगळा काढावा लागतो, ठरावीक ठिकाणीच मिळतो, म्हणून महाग. हायड्रोजन कुणीही मागच्या अंगणात बनवतो. मधला सगळा फरक या माणसाच्या खिशात. आणि कृपा करून काडी पेटवून फुगा तपासायला जाऊ नका, काहीजण तसं करून बघा म्हणून सांगतात, ते फार धोक्याचं आहे.

आम्ही काय केलं तर आधी मुलांना दुसऱ्या खोलीत नेलं, खिडक्या-दारं उघडली, मेणबत्ती-काडेपेटी सगळं लांब, आत लावलेल्या फुग्यांच्या आसपासचे दिवे-पंखे जसे होते तसेच ठेवले, बटणांना हात लावला नाही, आणि एकेक फुगा उघड्यावर नेऊन गाठीशी बारीक कापून रिकामा केला. टाकी त्या पोरांना लगेच मोकळ्या जागेत न्यायला लावली. साध्या हवेचा आर्च तसाच ठेवला आणि वाढदिवस त्याच्यापुढेच झाला, मुलीला काहीच कमी वाटलं नाही. रबराचे तुकडे मात्र शोधून शोधून उचलले, कारण फुटलेला किंवा न फुगवलेला फुगा लहान मुलाच्या घशात अडकतो, म्हणून तर पाकिटावर आठ वर्षांखालच्या मुलांसाठी इशारा लिहिलेला असतो.

मालकाला फोन केला तर तो म्हणतो, "मॅडम, फुगे तरंगले ना? मग फसवणूक कसली? बिलात गॅस लिहिलंय, गॅसच दिलाय." वर अ‍ॅडव्हान्स नॉन-रिफंडेबल आहे म्हणून ऐकवलं. माझ्याकडे पहिलं कोटेशन, त्याचा हेलियम सेफ असतो म्हणणारा व्हॉइस मेसेज (फोननंतर मी मुद्दाम विचारून घेतला होता), टाकीचे फोटो आणि पैसे पाठवल्याची नोंद असं सगळं आहे. उरलेली रक्कम मी दिली नाही आणि ग्राहक तक्रार केलीये, निकाल अजून लागायचाय. त्याच्या पेजवर मी अनुभव लिहिला तो तासाभरात डिलीट झाला आणि मी ब्लॉक.

तुम्ही बुकिंग करणार असाल तर बोलण्यावर जाऊ नका, लिहून मागा. बिलात 'गॅस', 'फ्लोटिंग', 'तरंगणारे' असं काही मोघम असेल तर तिथेच थांबवा. फुगे डोळ्यासमोर भरायला सांगा, सिलिंडरवर गॅसचं नाव आणि शिक्का बघा, आणि टाकी गरम असेल, पांढरं पाणी गळत असेल तर घरात घेऊच नका. भरलेले फुगेच आणून देतो म्हणणाऱ्याकडे हेलियम कुठून घेतला त्याची पावती मागा. नाहीतर सरळ साध्या हवेचे फुगे दोऱ्याने छताला उलटे बांधा, फोटोत कुणाला कळतसुद्धा नाही.

मी आता ज्यांना ज्यांना गरज आहे त्यांना हा मेसेज जसाच्या तसा पाठवायला देते: "तरंगणारे सर्व फुगे फक्त हेलियमचे असतील. सिलिंडरवर गॅसचे नाव व तपासणीची तारीख दाखवावी लागेल. जागेवर गॅस तयार करता येणार नाही. यातले काहीही वेगळे निघाल्यास अ‍ॅडव्हान्स पूर्ण परत मिळेल. मान्य असल्यास तसे लिहून कळवा." उत्तरात 'मान्य' असं आल्याशिवाय पैसे पाठवू नका.