असेंबल्ड आरओ: लातूरच्या बोअरवर दोन वर्षं

माझे घरगुती डबे आहेत, रोजचे 22. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की तूरडाळ पाच शिट्ट्यांनंतरही दाताखाली यायची. आधीचं कंपनीचं मशीन बंद पडलं, तेव्हा गंजगोलाईतल्या एका दुकानातून सुटे भाग जोडून हे क्षार काढणारं आरओ मशीन बनवून घेतलं. 6,800 रुपये, बसवून.

पाणी चांगलं येतं. बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 1180, मशीनमधून 70. डाळ तीन शिट्ट्यांत मेण होते आणि चहाच्या पातेल्याला पांढरी पुटं धरत नाहीत. मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, 75 जीपीडीचा (दिवसाला 75 गॅलन) आहे. ते झाले 284 लिटर, पण ते कागदावरचं. आठ लिटरची टाकी उन्हाळ्यात पाऊण तासात भरते, डिसेंबरात तासाच्या वर जाते. गार पाणी पडद्यातून सावकाश जातं, मशीन बिघडलेलं नसतं.

आता जुन्या मशीनची गोष्ट सांगते, कारण तिथंच माझे पैसे गेले. दर वर्षी सर्व्हिसवाला यायचा, मीटर बुडवायचा, 190 दाखवायचा आणि म्हणायचा, "ताई, मेम्ब्रेन गेला." दोनदा बदलला. तिसऱ्या वेळी मी स्वतः दीडशे रुपयांचं मीटर आणून बसले होते. मशीनच्या मागं टीडीएस कंट्रोलरचा छोटा स्क्रू असतो. तो उघडला की मेम्ब्रेन टाळून थोडं कच्चं पाणी चांगल्या पाण्यात मिसळतं. मी तो घट्ट केला, अर्ध्या तासानं मोजलं तर 65! मेम्ब्रेन ठणठणीत होता. त्या मुलानं काही न बोलता पिशवी आवरली.

काढून ठेवलेला जुना मेम्ब्रेन मी विळीवर कापून पाहिला. आत सुरळीच्या वडीसारखे पातळ पदर, मधल्या नळीभोवती गुंडाळलेले. त्यावर क्षार नावाला होते.

खरी खुपणारी गोष्ट वाया जाणारं पाणी. बादली लावून मोजलं, एका लिटरमागं तीन लिटर बाहेर. 2016 ला मिरजेहून आगगाडीनं पाणी आलेलं गाव आहे हे. ते तीन लिटर मोरीत जाताना पाहवत नाही. वेस्टची नळी चिमटली तर वाया कमी जातं, पण क्षार आतच बसून मेम्ब्रेन लवकर चोंदतो, म्हणून तो उद्योग करू नका. माझं सगळं टाकीत साठतं, फरशी आणि संडासाला जातं. तुळशीला घातलं होतं, पानांच्या कडा करपल्या. मोजलं तर 1550 निघालं.

नळाला मांजरा धरणाचं पाणी आलं की मी आरओ बंदच ठेवते. त्याचा टीडीएस आमच्याकडे साडेतीनशेच्या आसपास असतो आणि सरकारी मानकात 500 पर्यंत चालतो. पाणी उकळून घेते, कारण मीटर क्षार सांगतं, जंतू नाही.

पाचातले चार तारे. एक कापला तो पंपाच्या घरघरीसाठी. पहाटे पाचला मी भाकरी थापायला बसते तेव्हा तो सुरू होतो आणि सासूबाई आतून विचारतात, "गिरणी लावलीस का गं?"