चकती दाबली की तापणारी शेकाची पिशवी: दोन हिवाळे वापरल्यावर

निफाडला पारा घसरल्याची बातमी पेपरात यायच्या आधी आमच्या घरात ती सासूबाईंच्या गुडघ्यांना कळलेली असते. रबरी पिशवीत गरम पाणी भरून शेकायची त्यांची जुनी सवय. तीन वर्षांपूर्वी त्याच पिशवीने त्यांच्या पोटरीवर रुपयाएवढा फोड उठला. मधुमेहामुळे पायांची जाणीव कमी झालेली, चटका बसतोय हे त्यांना कळलंच नाही. पाणी मी भरलं होतं. जखम भरायला महिना लागला आणि तो महिना मी विसरलेले नाही. तेव्हापासून मी अशी वस्तू शोधत होते, जी एका ठरावीक तापमानाच्या वर जाऊच शकणार नाही.

ती मिळाली, ऑनलाइन, २ पिशव्यांची जोडी ५४० रुपयांना. जाड पारदर्शक प्लास्टिकची, तळहाताच्या दीडपट पिशवी. आत पाण्यासारखा स्वच्छ द्रव आणि त्यात तरंगणारी नाण्याएवढी स्टीलची चकती. वायर नाही, बॅटरी नाही. चकती बोटांत धरून टक्कन वाकवायची. त्या जागी पांढरं फूल उमलतं, त्याच्या सुया भराभर चहूकडे धावतात आणि पंधरा-वीस सेकंदांत अख्खी पिशवी पांढरी, घट्ट आणि गरम होते. पहिल्यांदा आई दचकल्या, "अगं, हे तर गोठलं की! आणि गरम कसं गं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम करते, तरी उत्तर सोप्या भाषेत सांगायला मलाही जरा विचार करावा लागला. आत सोडियम अॅसिटेट असतं. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र केल्यावर बनतं तेच मीठ, पाण्यासकट. त्याचे स्फटिक ५८ अंशांना वितळतात. एकदा पूर्ण वितळले की थंड झाल्यावरही ते पटकन गोठत नाहीत, वितळताना घेतलेली उष्णता पोटात धरून बसतात. चकतीच्या बारीक चिरांतून एखादा स्फटिक सुटला की त्याला धरून बाकीचा द्रव गोठतो आणि साठवलेली उष्णता बाहेर टाकतो. काटेकोर बोलायचं तर ही रासायनिक अभिक्रिया नाही, गोठणं आहे. आणि माझ्या दृष्टीने तीच हिची खरी किंमत. पिशवी आपल्याच वितळणबिंदूच्या वर स्वतःला तापवू शकत नाही, कारण तिथे पोचली की गोठणंच थांबतं. आत पाणी थोडं जास्त असल्यामुळे प्रत्यक्षात ती ५४च्या आसपास अडकते.

लॅबचा थर्मामीटर आणून मी हे पाहिलं. दुपारी खोलीत २६ अंश असताना पिशवी ५३पर्यंत गेली. जानेवारीच्या पहाटे, खोलीत ११ अंश असताना, ५२. म्हणजे थंडीतही चढते तेवढीच. टिकते मात्र कमी: दुपारी टॉवेलात गुंडाळून तासभर चांगली ऊब मिळाली, पहाटे चाळीस मिनिटं. निम्मी उष्णता तर स्वतःलाच ११ वरून वर न्यायला खर्ची पडते. पहाटे शेकायचं असेल तर पिशवी रात्री गोधडीत ठेवा, फरक पडतो.

ही मर्यादा सगळ्या आपोआप तापणाऱ्या वस्तूंना नसते. लहानपणी दिवाळीआधी वडील रंगासाठी चुनकळी विरवायचे. पिंपात पाणी ओतलं की ती रटरटा शिजायची, आणि आम्हा मुलांना ओट्यावरून खाली उतरायची बंदी असायची. आपोआप गरम होणाऱ्या कॉफीच्या डब्यांमध्ये हीच चुनकळी वापरली गेली आहे. तिथे किती चुना, किती पाणी हे मोजूनच आवर घालावा लागतो. आमच्या भाच्याने मनालीहून आणलेल्या हात गरम करायच्या पुड्यांत लोखंडाची पूड असते. ती मीठ-पाण्याच्या संगतीने गंजते आणि तापते. वेग ठरतो तो कापडातून किती हवा आत शिरते त्यावर. पुडी हवाबंद पिशवीत कोंबली तर विझत येते. आठ-दहा तास चालते, ट्रेकला उत्तमच. पण तिच्या पाकिटावर कमाल तापमान ६५ अंश छापलेलं आहे, आणि एकदा वापरली की कचऱ्यात. आईंसाठी मी ती घेणार नाही.

पुन्हा तयार करायचं कामच जिकिरीचं. पातेल्यात तळाला जुना पंचा अंथरून, त्यावर पिशवी ठेवून पंधरा मिनिटं उकळायची. पंचा नसेल तर प्लास्टिक तळाला चिकटतं. उजेडात धरून पाहायचं, कोपऱ्यात एकही पांढरा कण राहता कामा नये. कण राहिला तर पिशवी थंड होताना आपली आपणच गोठते आणि मेहनत वाया. माझं असं चार वेळा झालं, कारण शिवणीच्या घडीतला कण दिसत नाही. आता मी पाच मिनिटं जास्त उकळते. वीज गेली तरी गॅसवर दोन्ही पिशव्या संध्याकाळीच तयार करून ठेवता येतात. लोडशेडिंगच्या रात्री याचं मोल कळतं.

तक्रार आहे ती शिवणीबद्दल. जोडीतली एक पिशवी दुसऱ्या हिवाळ्यात कोपऱ्यातून पाझरली, चादरीवर व्हिनेगरचा वास आणि पांढरी साय. अपाय काही झाला नाही, पण विक्रेत्याने दोन मेलनंतर उत्तरच दिलं नाही. सोबत कापडी खोळही नव्हती, ती मी जुन्या नऊवारीची शिवली.

खोळ किंवा टॉवेल हवाच, तोही दुपदरी. ५४ अंश उघड्या कातडीला, विशेषतः बधिर कातडीला, पोळण्याइतके आहेत. डॉक्टरांनी आईंच्या पावलांना कुठलाच शेक नको म्हणून बजावलंय आणि तो नियम या पिशवीलाही लागू. आम्ही फक्त गुडघ्यांवर ठेवतो आणि दर दहा मिनिटांनी मी हात लावून पाहते.

पाझरलेलीच्या जागी या दसऱ्याला नवी जोडी मागवली, दुसऱ्या विक्रेत्याकडून, दुहेरी शिवणीची. आई रोज संध्याकाळी चहाचं आधण ठेवतानाच विचारतात, "पिशव्या उकळल्या का गं?" चकती मात्र त्या मला दाबू देत नाहीत. ते फूल त्यांना स्वतःच उमलवायचं असतं.