रायफलच्या काडतुसांच्या पुंगळ्या फुटत होत्या म्हणून गनस्मिथकडे गेलो, त्याचा रिव्ह्यू

टेक्सासमधल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांच्याकडे जुनी ली-एनफिल्ड रायफल आहे त्यांच्यासाठी लिहितोय, बाकीच्यांनी खुशाल पुढे जा. ह्यूस्टनच्या बाहेर एका म्हाताऱ्या गनस्मिथचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं, छोटं दुकान आहे, नाव इथे टाकत नाही, पाहिजे असेल तर मेसेज करा.

माझी रायफल नंबर ४ मॉडेलची, थ्री-नॉट-थ्री काडतुसाची, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सॅव्हेज कंपनीने ब्रिटिशांसाठी बनवलेली, अजून यू. एस. प्रॉपर्टीचा शिक्का आहे तिच्यावर. त्रास असा की रीलोड केलेल्या (वापरून पुन्हा भरलेल्या) पुंगळ्यांना, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यांना, बुडाच्या जरा वर गोल चीर पडायची आणि एकदा तर बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) ओढला तर नुसतं बूड बाहेर, बाकीची पुंगळी चेंबरमध्येच, म्हणजे बॅरलमधल्या काडतुसाच्या जागेतच, अडकलेली. रेंजवर फुकट सल्ले भरपूर मिळाले, बॅरल बदल, बोल्ट हेड बदल, पावडर कमी कर...

या बाबाने आधी रायफल बघितलीच नाही. म्हणाला, फुटलेल्या पुंगळ्या आणल्यात का? मग पेपरक्लिपचं टोक वाकवून एका धड दिसणाऱ्या पुंगळीत आत घातलं आणि भिंतीवरून खालून वर ओढलं, मग माझ्या हातात दिलं. बाहेरून फक्त एक फिकट चकचकीत रेघ, पण आत टोक अडकतंय चक्क, खाच पडलेली! म्हणजे पुढच्या बाराला तीच फुटणार होती.

मग गेज लावले, बंद बोल्टपुढे काडतुसाच्या रिमला (बुडाच्या कडेला) किती जागा उरते ते मोजणारे. ब्रिटिश लष्कराच्या हिशोबाने ०.०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि ०.०७४ वर होता कामा नये, माझी रायफल व्यवस्थित पास. नंबर ४ ला ० ते ३ नंबरचे बोल्ट हेड (बोल्टचं पुढचं सुटं टोक) येतात, नंबर मोठा तसं लांब, मोठ्या नंबरचं त्याच्या काउंटरवरच पडलं होतं, सहज गळ्यात मारता आलं असतं, नाही मारलं. खरी गोष्ट अशी की या रायफलींचे चेंबर मुद्दाम ऐसपैस ठेवलेत, चिखलमाती लागलेलं काडतूसही आत जावं म्हणून. बार उडाला की पुंगळीचा खांदा (जिथे ती निमुळती होते तो भाग) पुढे जातो, रीलोड करताना आपण अख्खी पुंगळी दाबणाऱ्या फुल-लेंग्थ डायने (साच्याने) तो परत मागे ढकलतो, आणि दरवेळी पितळ बुडाजवळ ताणलं जाऊन पातळ होतं. उपाय, फक्त नेक साइझिंग करायचं, म्हणजे पुंगळीची मानच तेवढी दाबायची, आणि नव्या पुंगळीच्या पहिल्या बाराला रिमच्या पुढे बारीक रबरी ओ-रिंग घालायची म्हणजे ती मागे बोल्टला टेकून राहते. तेव्हापासून गोल चीर नाही.

पुंगळीच्या तोंडाला उभी चीर असेल तर प्रकरण वेगळं, पितळ कडक झालेलं असतं, ती फेकायची आणि त्या लॉटमधल्या बाकीच्यांची तोंडं अनील करायची, म्हणजे तापवून मऊ करायची. पुंगळ्यांना अमोनियावालं पॉलिश लावू नका हे त्याने दोनदा बजावलं, आणि त्यावरून आपल्याकडचाच किस्सा सांगितला, ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवली की आपोआप तडकायची, घोड्यांच्या मुतातल्या अमोनियामुळे, आणि हे कारण कळायला १९२१ उजाडलं म्हणे. टेक्सासमधला गोरा म्हातारा मला हिंदुस्थानातला पावसाळा समजावतोय, काय बोलणार!

साठ डॉलर घेतले, कॅशच लागते. फोन उचलत नाही, चारला शटर खाली, बोलायला खडूस. पाचपैकी चार स्टार, एक फोनचा कापला.