पाचोळ्याची पिशवी की वाडग्यातले मणी?

वनस्पतींचे विघटन आणि सामाईक नैसर्गिक संसाधने या दोन्ही विषयांवर वर्गात प्रयोग करता येतात. त्यांपैकी एकाच प्रयोगाला सवड असेल, तर निवड करताना दोन गोष्टी पाहाव्यात, असे माझे मत आहे: हाताशी किती आठवडे आहेत आणि चूक झाल्यास ती सुधारायला किती वाव आहे.

विघटनाच्या प्रयोगात वजन केलेली कोरडी पाने नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत भरून पुरतात आणि ठरावीक अंतराने एकेक पिशवी उकरून उरलेल्या पानांचे वजन करतात. काही पिशव्या बारीक जाळीच्या आणि काही मोठ्या छिद्रांच्या घेतल्या, तर गांडुळांना आत येऊ दिल्याने काय फरक पडतो, हेही दिसते. मात्र चिकटलेली माती ब्रशने झाडून पाने पूर्ण वाळवल्याशिवाय काट्यावर ठेवू नयेत. माझ्या वर्गात एकदा ही पायरी राहून गेली आणि पुरतानाच्या वजनाहून जड भरलेली पिशवी पाहून मुलांनी ‘पाने वाढली’ अशी नोंद केली. तोवर दोन महिने उलटले होते.

याच प्रयोगाची सुटसुटीत आवृत्ती चहाच्या पिशव्यांची आहे. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत हिरवा चहा आणि रुइबॉस (दक्षिण आफ्रिकेतील एका झुडपापासून केलेला चहा) यांच्या पिशव्या 8 सेंमी खोल पुरून सुमारे 90 दिवसांनी काढतात. हिरवा चहा लवकर कुजतो, तर काष्ठमय रुइबॉस रेंगाळतो, त्यामुळे एकाच उकरणीत दोन वेग हाती येतात. कागदी पिशवी येथे चालत नाही, कारण आतल्या चहाबरोबर तीही कुजते. मोजमाप नेमके हवे असेल, तर मी हीच आवृत्ती निवडेन. परंतु आवारातल्या झाडाचे पान ओळखीचे असते, ते कुतूहल चहात नाही.

सामाईक संसाधनांसाठीचा मण्यांचा खेळ एका तासात होतो; त्यात वाडग्यातले मणी म्हणजे सर्वांचे संसाधन. चौघांच्या गटापुढे वाडग्यात 16 मणी ठेवावेत. प्रत्येक फेरीनंतर उरलेले मणी दुप्पट होतील, पण 16 च्या वर जाणार नाहीत, असा नियम सांगावा. प्रत्येकाने दोनच मणी घेतले, तर 8 उरतात आणि वाडगे पुन्हा भरते. प्रत्येकाने तीन घेतले, तर 4 उरून 8 होतात, आणि पुढच्या फेरीत दोन-दोन घेताच वाडगे रिकामे. खेळ फसला, तरी लगेच पुन्हा मांडता येतो.

पहिला डाव न बोलता खेळवावा, दुसरा आपसांत नियम ठरवू देऊन. पुष्कळ शिक्षक पहिल्यावरच थांबतात, आणि मग पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये मांडलेली सामाईक मालमत्तेची शोकांतिका, म्हणजे प्रत्येकाने आपापला फायदा पाहिला की सर्वांचे संसाधन संपते ही कल्पना, तेवढी मुलांच्या लक्षात राहते. स्वित्झर्लंडमधील कुरणे आणि स्पेनमधील पाटबंधारे लोकांनी स्वतःच्या नियमांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्याचे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचा मुद्दा दुसऱ्या डावाशिवाय समजत नाही.

सत्राचे बारा-तेरा आठवडे शिल्लक असतील, तर पहिल्याच आठवड्यात पिशव्या पुराव्यात आणि मातीवर काहीच दिसत नसते, अशा मधल्या एखाद्या तासाला मणी काढावेत. पिशव्या पुरलेल्या जागी खुंट्या ठोकून वहीत नकाशा काढणे मात्र त्याच दिवशी उरकावे.