अकरावी कॉमर्स: गणित की एसपी?

महाराष्ट्र बोर्डाच्या कॉमर्सला बऱ्याच कॉलेजांत हा प्रश्न प्रवेशाच्या वेळीच येतो. एसपी म्हणजे सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, मराठीत चिटणिसाची कार्यपद्धती: भाग (शेअर्स), कर्जरोखे, ठेवी, लाभांश, डीमॅट आणि सभासदांना लिहायची पत्रं. पत्रांचे साचे पाठ झाले की गाडी चालते.

गणित म्हटलं की मुलं आधीच घाबरतात. पण कॉमर्सचं गणित म्हणजे सायन्सचं गणित नव्हे. अवकलन, संकलन (डिफरन्सिएशन, इंटिग्रेशन) इथेही आहे, सुटका नाही. मात्र बारावीच्या दुसऱ्या भागात कमिशन, दलाली, सूट, विमा, वार्षिकी (ठरावीक काळाने द्यायचे समान हप्ते), निर्देशांक येतात. वार्षिकी नीट कळली की कर्जाच्या हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती, हे स्वतः काढता येतं. पाच माणसांना पाच कामं कमीत कमी खर्चात कशी वाटायची, हेही त्यातच आहे, आणि मला तो धडा सगळ्यात मजेदार वाटतो. लेखी ८० गुण, बाकी २० अंतर्गत.

सीए करायचं असेल तर बारावीला गणित सक्तीचं नाही. पण फाउंडेशनला, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेला, व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा १०० गुणांचा पेपर असतोच. एसपीवाल्यांना तो तिथे पहिल्यापासून करावा लागतो. कंपनी सेक्रेटरी व्हायचं पक्कं असेल, तर मात्र एसपी खुशाल घ्या.