अंबडच्या कारखान्यात बनवून घेतलेला प्रकाश-रिअ‍ॅक्टर

दृश्य प्रकाशाच्या साहाय्याने सेंद्रिय अभिक्रिया घडवण्यासाठी नाशिकच्या आमच्या महाविद्यालयाने अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्याकडून एलईडीचा रिअ‍ॅक्टर, म्हणजे आत दिवे लावलेला अभिक्रियेचा डबा, बनवून घेतला. ज्या प्रयोगशाळांना आयात उपकरण परवडत नाही, त्यांनी तो अवश्य पाहावा, असे माझे मत आहे.

त्याचा सर्वांत मोठा गुण म्हणजे आतल्या एलईडीच्या पट्ट्या बदलता येतात. बाजारात बहुधा निळ्या दिव्यांचेच संच मिळतात, कारण अशा अभिक्रियांत उत्प्रेरक म्हणून प्रचलित असलेले रुथेनियम धातूचे संयुग ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषते. मात्र रुथेनियम आणि याच कामासाठी वापरला जाणारा इरिडियम हे धातू महाग आहेत, शिवाय औषधात त्यांचा अंश किती राहू द्यायचा यावर कडक मर्यादा आहेत. म्हणूनच आम्हांला धातुविरहित उत्प्रेरक वापरायचे होते. त्यांतला इओसिन वाय हा रंग पॅथॉलॉजी लॅबमध्ये पेशी रंगवण्यासाठी रोज वापरला जातो, तो स्वस्त आहे आणि ५३० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशात, उत्तम काम करतो. उलट ४सीझेडआयपीएनसारख्या दुसऱ्या धातुविरहित उत्प्रेरकाला निळाच प्रकाश हवा. एकाच डब्यात दोन्हींची सोय झाल्याने विद्यार्थ्यांना उत्प्रेरकाचे शोषण आणि दिव्याची तरंगलांबी यांचा मेळ प्रत्यक्ष दाखवता येतो, आणि हा विषय शिकवताना मला याहून महत्त्वाचे काही वाटत नाही.

चाचणीसाठी आम्ही एन-फिनाइल टेट्राहायड्रोआयसोक्विनोलीन आणि नायट्रोमिथेन या दोन सेंद्रिय संयुगांची, इओसिन वाय वापरून हवेतच होणारी जोडणी निवडली. हिरव्या पट्टीखाली ठेवलेल्या मिश्रणाचा टीएलसी प्लेटवर (मिश्रणातली संयुगे वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणारी प्लेट) नवा ठिपका स्पष्ट उमटला, तर फॉइलमध्ये गुंडाळून अंधारात ठेवलेल्या कुपीत मूळ संयुग जवळजवळ तसेच राहिले. ही अंधारातली आणि उत्प्रेरकाविना केलेली अशा दोन्ही तुलना प्रत्येक गटाकडून करून घ्याव्यात. त्यांच्याशिवाय अभिक्रिया प्रकाशामुळे झाली की उष्णतेमुळे, हे सांगता येत नाही.

उष्णता हाच या उपकरणाचा कच्चा दुवा आहे. तळाचा पंखा हिवाळ्यात पुरतो, पण एप्रिलच्या दुपारी सर्व पट्ट्या चालू ठेवल्या की कुपी हाताला चांगलीच गरम लागते. तापमापी घालण्यासाठी झाकणाला छिद्रही नाही. कारखान्याने मोठा पंखा बसवून देण्याची तयारी दाखवली आहे. नवी मागणी नोंदवणाऱ्यांनी तो आधीच मागून घ्यावा. डबा अ‍ॅल्युमिनियमचा असल्याने खालच्या मॅग्नेटिक स्टिररला (चुंबकाने द्रावण ढवळणारे यंत्र) अडथळा येत नाही, ही रचना विचारपूर्वक केलेली आहे.

मोठ्या प्रमाणावरील संश्लेषणासाठी मात्र हा रिअ‍ॅक्टर घेऊ नये. रंगीत द्रावणात प्रकाश काचेलगतच्या थोड्या थरातच शोषला जातो, त्यामुळे मोठा फ्लास्क ठेवून उपयोग होत नाही. त्यासाठी अरुंद नळीतून द्रावण वाहते ठेवणारी मांडणीच हवी.