उद्यान दत्तक घ्यावे की महापालिकेकडेच राहू द्यावे?
समोरचे उद्यान दत्तक घ्यावे, म्हणजे त्याची देखभाल स्वखर्चाने करावी, की महापालिकेकडेच राहू द्यावे, असा पेच मुंबईतील एका रहिवासी संघापुढे आहे. पैशांच्या दृष्टीने दुसरा पर्याय सोपा, कारण माळी, पाणी आणि रखवालदार यांचा खर्च करांतून भागतो. मात्र झोपाळ्याची तुटलेली साखळी बदलून घ्यायलाही तक्रारीमागून तक्रार करावी लागते. दत्तक उद्यानात ती लवकर बसते, पण वर्गणी आटली की हिरवळही आटते. प्रवेशाचा मुद्दा मला सर्वांत मोठा वाटतो : पूर्वी काळजीवाहू तत्त्वावर, म्हणजे देखभालीसाठी खासगी संस्थांकडे, दिलेल्या काही मैदानांवर सभासदांचे क्लब उभे राहिले, आणि २०१६ मध्ये नव्या दत्तक धोरणाला विरोध झाला तो याच धास्तीने. नियमित वर्गणी देणारे रहिवासी असतील आणि फाटक सर्वांना खुले राहणार असेल, तर छोट्या बागेसाठी दत्तक योजना योग्य. खेळाचे मोठे मैदान मात्र महापालिकेकडेच असावे.